रंगपटातले नारायणराव

लग्नसराई जवळ आली की गोऱ्या, नाजूक कातडीच्या मैत्रिणींचा एक प्रश्न ठरलेला असतो. फाउंडेशन लावलं की खाज सुटते, गाल लालेलाल होतात, मग आम्ही लावायचं तरी काय? अलीकडे या प्रश्नाला एक उत्तर तयार मिळतं, मिनरल मेकअप. म्हणजे खनिजांचा मेकअप. निराला बाजारात जा नाहीतर गुलमंडीवर, डबीवर हा शब्द दिसतोच आणि किंमतही त्या शब्दाइतकीच वजनदार असते. जणू काही परवाच कुणी शोध लावलाय!

खनिजं तोंडाला लावणं ही काही नवी गोष्ट नाही बरं का. आपल्याकडे एक माणूस होऊन गेला. त्याने चाळीस वर्षांहून जास्त काळ बाई दिसण्यासाठी चेहऱ्याला रंग लावला. आणि तो असा काही दिसायचा की खऱ्या बायका त्याचं बघून लुगडं नेसायला, अंबाडा घालायला शिकल्या. नारायण श्रीपाद राजहंस त्यांचं नाव. सगळा महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतो. त्यांच्या गाण्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, लिहिणारे जाणकारही मोठे. मी गाण्यातली नव्हे. मला कुतूहल आहे ते त्यांच्या चेहऱ्याचं.

26 जून 1888 चा त्यांचा जन्म. घराणं मूळचं सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचं. घरची परिस्थिती बेताची, पण मुलाचा गळा देवाने दिलेला. लहानपणी काही काळ ते आपल्या शेजारच्या जळगावला नातेवाइकांकडे होते, तिथे मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे झाले. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या पोराचं गाणं ऐकलं आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटलं, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ते नाव त्यांना आयुष्यभर चिकटलं. साठीच्या पुढे गेले तरी बालच!

त्या वेळी किर्लोस्कर नाटक मंडळी अडचणीत होती. भाऊराव कोल्हटकर हे त्यांचे गाणारे, देखणे नट 1901 साली गेले होते आणि ती जागा भरून निघत नव्हती. नारायणाचं नाव पुढे आलं खरं, पण त्याला कानाचं दुखणं होतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी लक्ष घातलं, मिरजेला उपचार झाले आणि 1905 मध्ये मिरजेतच हा सतरा वर्षांचा मुलगा 'शाकुंतल'मध्ये शकुंतला म्हणून उभा राहिला. रंग गोरा, चेहरा गोल, डोळे बोलके. लोकांनी बघितलं आणि भाऊरावांची हळहळ संपली.

आता जरा रंगपटात डोकावू या. रंगपट म्हणजे नटांची तयारी होते ती खोली. बायकांनी नाटकात काम करायचं नाही, असा तो काळ. घरंदाज बाईचं तर नावच नको. म्हणून पुरुषाने बाई व्हायचं. त्यासाठी मिशी काढायची, रोज गुळगुळीत दाढी करायची आणि त्यावर रंग चढवायचा. मुळात गोऱ्या माणसाला उलट जास्त त्रास, कारण दाढीची निळसर झाक गोऱ्या कातडीवर जास्त उठून दिसते. ती झाकायला नुसता पांढरा रंग कामाचा नाही, राखाडी दिसतो. आधी लालसर, केशरी छटा द्यावी लागते आणि मग वरचा रंग. आज पार्लरमधल्या मुली याला करेक्टर म्हणतात. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांना पीच रंगाचं लावतात ना, तेच हे. आणि ज्यांचे गाल चटकन लाल होतात त्यांना हलक्या हिरव्या छटेचं. लालावर हिरवा, निळ्यावर केशरी, चित्रकाराचंच गणित.

त्या काळी नाटक-तमाशाच्या पेटीत काय काय असायचं? सफेदा, हिंगूळ, मुर्दाडशिंग, पिवडी, काव, काजळ. मंडळी ही नावं मोठ्या प्रेमाने घेत. आपण मात्र त्यांच्याकडे जरा सावध नजरेने बघू या. सफेद्यातला चांगला तो जस्ताचा, म्हणजे झिंक ऑक्साईड. पिवडी आणि काव या रंगीत माती, त्यांचा पिवळा-तांबडा रंग लोखंडाच्या ऑक्साईडचा. इथपर्यंत ठीक. पण मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साईड आणि हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. दिसायला सुंदर, चढायला सोपे, घामात टिकणारे आणि विषारी. रात्री सुरू झालेलं संगीत नाटक वन्समोअर घेत घेत पहाटेपर्यंत चालायचं. पाच-सहा तास तो रंग अंगावर. ओठांवरून पोटात जाणार, पूड उडाली की श्वासातून छातीत जाणार. कुणाला सांगणार? रंग लावायचा तर हे व्हायचंच, अशी समजूत.

ही समजूत जपानमध्ये एका प्रसंगाने हलली. तिथल्या काबुकी नाटकातही बायकांच्या भूमिका पुरुषच करत आणि चेहरा शिशाच्या सफेद्याने पांढराफटक करत. 1887 साली खुद्द सम्राटांपुढे खेळ चालू असताना नाकामुरा फुकुसुके या नामांकित नटाचा पाय थरथरायला लागला, थांबेना. ते शिशाचं विष होतं. सम्राटापुढेच घडल्यामुळे गवगवा झाला आणि शिशाशिवायचा सफेदा करायच्या मागे लोक लागले. पुढची काही वर्षं यात गेली, पण तो बाजारात आला. हा प्रसंग घडला त्याच्या पुढच्याच वर्षी आपले नारायणराव जन्मले. म्हणजे ते रंगभूमीवर आले तेव्हा जगात सुरक्षित रंगाची वाट सुरू झाली होती. पण ती खेडोपाडीच्या तंबूपर्यंत पोचायला किती काळ लागला असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

12 मार्च 1911 ला खाडिलकरांचं 'मानापमान' रंगभूमीवर आलं. संगीत गोविंदराव टेंबे यांचं. भामिनी झाले होते बालगंधर्व. भामिनी म्हणजे श्रीमंत बापाची रूपगर्विता लेक, नटूनथटून वावरणारी. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी गेली. खेळ रद्द झाला नाही. त्यांनीच तो होऊ दिला नाही. घरात मूल गेलेलं आणि हा बाप रंगपटात आरशासमोर बसून गालाला लाली लावून घेतोय, दागिने घालतोय, आणि मग हजारो लोकांपुढे हसत उभा राहतोय. त्यांच्या निष्ठेचं उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला ती वाचताना प्रत्येक वेळी त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची आठवण येते. ती माउली त्या रात्री घरात कशी बसली असेल? कौतुकाच्या गोष्टीत तिला जागा नसते.

1913 मध्ये टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. मग 1916 चं 'स्वयंवर', त्यातली रुक्मिणी. गाण्याची तालीम भास्करबुवा बखल्यांची. हा त्यांचा सगळ्यात वैभवाचा काळ. खरे शालू, पैठण्या, उंची अत्तरं, गालिचे. पैशाचा हिशेब ठेवणं त्यांना कधी जमलंच नाही. प्रेक्षकाला खोटं काही दाखवायचं नाही हा हट्ट. नाटक बघायला आलेल्या बायका घरी जाऊन त्यांच्यासारखी नऊवारी नेसून बघत, केसांत तशीच फुलं माळत. आज सिनेमातल्या नटीचा ब्लाउज शिंप्याला दाखवतात ना, तसंच. फरक एवढाच की ही नटी बाप्या होती!

मग आलं 1919 मधलं 'एकच प्याला'. लिहिणारे राम गणेश गडकरी नाटक रंगभूमीवर यायच्या महिनाभर आधी गेले. त्यातली सिंधू म्हणजे दारुड्या नवऱ्याची सोशीक बायको. भामिनी आणि रुक्मिणीचे शालू उतरवून बालगंधर्वांनी ठिगळाचं लुगडं नेसलं. गळ्यात मंगळसूत्राशिवाय काही नाही, समोर जातं. मला हा त्यांच्या रंगभूषेचा खरा कस वाटतो. नटवायला सगळ्यांना येतं. थकलेला, उपाशी, तरीही सुंदर चेहरा दाखवायचा म्हणजे हात किती हलका पाहिजे! दारुड्याच्या घरातल्या बायकांशी माझा कामानिमित्त नेहमी संबंध येतो. सिंधूचं सगळं सहन करत राहणं मला पटत नाही, आमच्या वस्तीतल्या बायांना तर मी ते उलटंच सांगते. पण तिचा चेहरा मी ओळखते.

8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. एकीकडे ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, दुसरीकडे बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर. तिकिटासाठी झुंबड उडाली. तीनच महिन्यांत केशवराव गेले. इकडे गंधर्व मंडळीतले भागीदार बाजूला झाले होते आणि कंपनीवर कर्जाचा डोंगर होता. लोक मदत करायला तयार होते. नारायणरावांनी दान घेतलं नाही. खेळ करत राहिले आणि वर्षानुवर्षं राबून देणेकऱ्यांचे पैसे फेडले. म्हणजे बघा, हा चेहरा त्यांची हौस नव्हती. तो त्यांचा शेतीचा तुकडा होता, त्यावरच सगळ्या मंडळींचं पोट.

काळ मात्र बदलत होता. 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा' आलं, त्यात बायकांची कामं बायकांनीच केली. बोलपट आले होते. नारायणरावांचं वय पन्नाशीकडे झुकलेलं, अंग भरलेलं. 1935 साली ते प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा'मध्ये आले. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांवरचा. नाव आधी 'महात्मा' होतं, सरकारी सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावं लागलं. अस्पृश्यांच्या घरी जेवणारा नाथ दाखवणं त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आपल्या गोदाकाठच्या संताची भूमिका बालगंधर्वांनी केली, याचा आपल्या भागातल्या माणसांना अभिमान वाटायला हवा. या चित्रपटात त्यांनी बाईचा साज उतरवून ठेवला. पण कॅमेरा आणि त्यांचं जमलं नाही, प्रभातशी पुढे काही झालं नाही. 1937 च्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेशात आले, तेही फारसं साधलं नाही.

याचं एक कारण रंगात आहे. तंबूतला प्रेक्षक पन्नास फुटांवर बसतो, गॅसबत्तीच्या उजेडात बघतो. त्याच्यासाठी रंग ठळक लागतो. कॅमेरा नाकासमोर येतो. लांबून मोहक वाटणारं जवळून थापल्यासारखं दिसतं. आपल्याकडच्या नवऱ्यांच्या मेकअपचं नेमकं हेच होतं! स्टेजवर छान, आणि जेवणाच्या पंगतीत बघावं तर पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखं. फोटोचा फ्लॅश पडला की तर जास्तच, कारण झिंक आणि टायटॅनियमची पूड उजेड परत फेकते. म्हणून लग्नाआधी एकदा लावून, फ्लॅशने फोटो काढून बघावा.

आता ज्यांनी सुरुवातीचा प्रश्न विचारलाय त्यांच्यासाठी. आजच्या चांगल्या मिनरल डबीत असतं काय? झिंक ऑक्साईड, टायटॅनियम डायऑक्साईड, अभ्रक आणि लोखंडाची पिवळी, तांबडी, काळी ऑक्साईडं. म्हणजे नाटकवाल्यांचा सफेदा, पिवडी आणि कावच, फक्त शुद्ध केलेली आणि बारीक दळलेली. अजिंठ्याला सतरा नंबरच्या लेण्यात आरसा घेऊन शृंगार करणारी राजकन्या आहे, पाहिलीत ना? तिच्या चेहऱ्यावरचे पिवळे-तांबडे रंगही असल्याच मातीचे. इतक्या शतकांनी अजून टिकून आहेत.

नाजूक कातडीला हे मानवतं, कारण कोरड्या पुडीत पाणी नसतं. त्यामुळे टिकवण्यासाठीची रसायनं फारशी घालावी लागत नाहीत, वासही बहुधा नसतो. खाज येते ती बरेचदा वासाने आणि या रसायनांनीच. झिंक तर कातडीला शांत करणारं, घामोळ्याला आपण लावतो त्या कॅलामाइनमध्ये तेच असतं, गुलाबी रंग लोखंडाच्या ऑक्साईडचा. पण डबीच्या पुढच्या बाजूला मिनरल लिहिलंय म्हणून भुलू नका, डबी उलटी करून मागची यादी वाचा. पुढे मिनरल आणि मागे परफ्युम, असंही असतं. बिस्मथ ऑक्सिक्लोराइड नावाचं एक चमक देणारं खनिज आहे, गोऱ्या नाजूक कातडीच्या काही जणींना त्यानेच चुणचुणतं. आधी अशा डबीने त्रास झाला असेल तर यादीत हे नाव शोधा. विकत घेण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट बघा. शेड मनगटावर नको, जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उन्हात बघायची. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये सगळ्याच जणी गोऱ्या दिसतात.

लावताना आधी मॉइश्चरायझर, मग पाच-दहा मिनिटं थांबायचं. ओल्या चेहऱ्यावर पूड घातली की चट्टे उठतात. ब्रशवर थोडी घेऊन झाकणावर झटकायची, गोल गोल हलक्या हाताने लावायची, आणि पूड उडते तेव्हा श्वास जरा आवरायचा. दमा असलेल्या मैत्रिणींनी सुटी पूड न घेता दाबलेली वडी घ्यावी. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाला ही पूड पुरेल असं समजू नका, सनस्क्रीन वेगळं लावायचं. ब्रश आठवड्याला धुवायचा, दुसरीला द्यायचा नाही. आमच्या बचत गटातल्या पार्लरचा कोर्स केलेल्या मुलींना मी हे इतक्यांदा सांगते की माझा आवाज ऐकला की त्या ब्रश लपवतात.

आणि गोरं करणाऱ्या बिनलेबलच्या क्रीमच्या वाट्याला कृपा करून जाऊ नका. 2023 मध्ये बातमी आली होती, अकोल्यात एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडन्यांना त्रास झाला. तिघी स्थानिक पार्लरमधून आणलेलं एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तर त्यात पारा निघाला. हिंगुळातला तोच पारा, शंभर वर्षांनी, दुसऱ्या डबीतून. आपल्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनात रंगासाठी शिसं आणि आर्सेनिकची संयुगं घालायला बंदी आहे, चेहऱ्याच्या क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण जिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, लायसन्स नंबर आणि बॅच नंबरच नाही, तिला कायदा कुठून गाठणार?

नारायणरावांकडे परत येते. 1938 मध्ये त्यांच्या कंपनीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. गंधर्वांची गायकी त्यांनी इतकी आत्मसात केली होती की लोक चकित होत. नायिका त्या करू लागल्या आणि नारायणराव पुरुषभूमिकेत दिसू लागले. लक्ष्मीबाई गेल्यानंतर दोघं एकत्र राहू लागली, पुढे त्यांनी लग्न केलं. लोकांनी तोंडसुख घेतलं. त्यातले बरेच जण एके काळी त्यांच्या पडद्यामागच्या अत्तराचे भागीदार होते. गोहरबाईंवर जेवढी टीका झाली, तेवढी सेवेची नोंद झाली नाही, असं मला वाटतं. उतारवयात नारायणरावांच्या पायांनी साथ सोडली. जपानच्या गोष्टीशी याची सांगड कुणी घालू नये, तसा काही दाखला नाही. पण बसून राहिलेल्या त्या माणसाचं सगळं करणारी बाई होती ती.

मानसन्मान आले, पण उशिरा. 1955 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1964 मध्ये पद्मभूषण. त्याच 1964 मध्ये गोहरबाई गेल्या. 15 जुलै 1967 ला पुण्यात नारायणराव गेले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला 1962 मध्ये त्यांच्याच हातून बसली होती. उद्घाटन 26 जून 1968 ला, त्यांच्या वाढदिवशी झालं, तेव्हा ते नव्हते.

2011 मध्ये त्यांच्यावरचा चित्रपट आला, सुबोध भावे बालगंधर्व झाले. विक्रम गायकवाड यांना त्याच्या रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता तेही नाहीत, 2025 च्या मे महिन्यात गेले. त्यांनी भावेंच्या चेहऱ्यावर केलेलं काम बघायचं असेल तर चित्रपट पुन्हा लावा आणि या वेळी फक्त हनुवटी आणि वरचा ओठ बघा, दाढीची झाक कुठे सापडते का.

आणि पुण्याला कधी गेलात तर त्या रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली नारायणरावांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, ती जरूर बघा. एकात ते स्त्रीवेशात आहेत, सगळा साज अंगावर. दुसऱ्यात पुरुषवेशात, चेहऱ्याला काही न लावलेले. मी दुसऱ्यासमोरच जास्त वेळ उभी राहते.